ऊब वरून की खालून? पाळीव सापांच्या पेटीतला न सुटणारा वाद

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत पहिल्यांदा साप पाळणाऱ्यापुढे दुकानातच दोन प्रश्न उभे राहतात. पेटीला ऊब कशाने द्यायची आणि खाली काय अंथरायचं? उत्तरं वेगवेगळ्या फळ्यांवर मांडलेली असतात. एका फळीवर हीट मॅट, सिरॅमिक एमिटर आणि हॅलोजन दिवे. दुसरीवर अ‍ॅस्पेन लाकडाचा रंध्याचा भुसा, कोकोपीट, सालीचे तुकडे आणि वाळकं शेवाळ. पाळणाऱ्यांचे वादही याच दोन फळ्यांवर वेगवेगळे चालतात. एक गट मॅटची बाजू घेतो, दुसरा दिव्याची. एक कागदाचा कैवारी, दुसरा मातीचा.

मला ही फारकतच मान्य नाही. ऊब खालून द्यायची ठरली की अंथरूण किती पातळ असावं हे आपोआप ठरतं. वरून द्यायची ठरली की ते किती खोल आणि किती ओलं ठेवता येईल हे ठरतं. मॅटबद्दल किंवा भुशाबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच एका पद्धतीचं अर्धं दुसरीच्या अर्ध्याला जोडल्याने आलेल्या आहेत.

आधी साप उबेचं काय करतो ते पाहू. १९४४ साली रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांवर आणि सापांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. हे प्राणी हवा जशी असेल तसे निमूट तापत किंवा गार होत नाहीत, हे त्यातून पुढे आलं. ऊन, सावली आणि बीळ यांच्यात ये-जा करून ते अंगाचं तापमान ठरावीक पट्ट्यात राखतात. पाळीव सापाच्या पेटीत एक बाजू उबदार आणि दुसरी गार ठेवण्याची जी रीत आज सगळीकडे सांगितली जाते, तिचं मूळ या विचारात आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २५ ते २७ अंश देतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या कॉर्न स्नेकला दोन्हीकडे दोन-तीन अंश कमी चालतात. सापाने काय निवडावं हे आपण ठरवायचं नसतं. त्याला निवडता येईल एवढी सोय करायची असते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा १९८९ साली रेमंड ह्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. कॅलिफोर्नियातल्या ईगल लेकजवळचे गार्टर साप दगडांखाली दडतात. दगड पातळ असेल तर दुपारी त्याच्याखाली जीव जाईल इतकं तापतं आणि रात्री पार गारठतं. फार जाड असेल तर तो दिवसभर पुरेसा तापतच नाही. मधल्या जाडीच्या, साधारण २० ते ४० सेंटिमीटरच्या दगडाखाली मात्र सापाला हव्या असलेल्या २८ ते ३२ अंशांच्या आसपास बराच वेळ राहता येतं. साप बहुतेक वेळा हेच दगड निवडताना दिसले. म्हणजे कोणतंही उपकरण नसताना हा प्राणी थराची जाडी आणि उष्णतेचा प्रवास यांचं गणित सांभाळतो. आपण मात्र पेटीत मॅट एका फळीवरून आणि भुसा दुसऱ्या फळीवरून आणून टाकतो.

ऊब ही सापाची चैन नव्हे. बर्मी अजगराने मोठं भक्ष्य गिळलं की त्याच्या शरीराचा चयापचय विश्रांतीच्या चाळीस पटींच्या घरात जातो, आतडी आणि हृदयही वाढतं. हे सगळं उबेवर चालतं. जेवल्यानंतर पेटी गार पडली तर पचन रखडतं आणि साप भक्ष्य ओकून टाकतो. ऊब स्वतः तयार करणारा एक अपवाद आपल्याकडच्या अजगराच्या कुळातला आहे. अंड्यांना वेढून बसलेली मादी स्नायू सतत आखडून स्वतःच उष्णता निर्माण करते. १८४१ साली पॅरिसमध्ये व्हॅलेंसियेन यांनी हे मोजलं आणि १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ते पुन्हा नीट तपासलं गेलं. बाकी साऱ्यांना ऊब बाहेरूनच घ्यावी लागते.

आता साधनं. सर्वांत वाईट साधनाचा निकाल आधी लावून टाकू. विजेवर तापणारा नकली दगड अजूनही काही दुकानांत मिळतो. त्याचा पृष्ठभाग कुठे जास्त, कुठे कमी तापतो आणि त्यावरून साप वेळेत हलेलच असा भरवसा नसतो. पोट भाजलेले साप पशुवैद्यांना नवे नाहीत. हा दगड घेऊच नये.

हीट मॅट म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये विजेच्या रोधक पट्ट्या. पेटीच्या तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली ती सरकवायची. वीज कमी खाते, उजेड देत नाही, स्वस्त पडते. ती हवा मात्र तापवत नाही; तिला टेकलेली वस्तू तेवढी तापवते. हिवाळ्यात खोलीच १६-१७ अंशांवर उतरणाऱ्या ब्रिटिश घरात नुसत्या मॅटवर ठेवलेला अजगर तापल्या तळावर पोट टेकून बसतो आणि गार हवेत श्वास घेतो. थर्मोस्टॅट न लावलेली मॅट ४५ अंशांच्या पुढे सहज जाते.

अंथरुणाचा प्रश्न इथेच उबेच्या प्रश्नात घुसतो. मॅटवर काच, काचेवर पाच-सहा सेंटिमीटर भुसा. भुसा उष्णता अडवतो, म्हणून वरचा थर कोमटच राहतो. पाळणारा वरचं तापमान पाहतो, कमी वाटलं म्हणून थर्मोस्टॅट चढवतो आणि काच व भुसा यांच्यामधली उष्णता चढत जाते. तव्यावर गोधडी पसरून तिच्या वरून हात लावावा, तसा हा प्रकार. आता सापाच्या बाजूने विचार करा. निसर्गात ऊन वरून येतं आणि जितकं खोल जावं तितकं गार होत जातं. ऊब जास्त झाली की खाली शिरायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. मॅटच्या पेटीत मात्र खाली जाणं म्हणजे आगीकडे जाणं. तापलेला साप सुटकेसाठी भुशात तोंड खुपसतो आणि थेट तापल्या काचेवर जाऊन बसतो. आपल्या मांडुळाचा आफ्रिकी भाऊबंद असलेला केन्यन सँड बोआ तर दिवसच्या दिवस पुरून घेऊन राहणारा. त्याला वाळूच्या जाड थराखाली मॅट देणं ही चूक वर्षानुवर्षं चालत आली, कारण ‘बिळात राहणाऱ्या सापाला पोटाखालची ऊब हवी’ हे वाक्य ऐकायला पटतं.

याचा अर्थ मॅट टाकाऊ आहे असा नव्हे. तिच्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद किंवा अंगुलभराहून कमी भुसा असेल, थर्मोस्टॅटचा सेन्सर तळाच्या काचेलगत असेल आणि खोली मुळातच उबदार असेल, तर ती चोख काम करते. साप पैदास करणाऱ्यांनी तर याच जोडीवर धंदा उभा केला. कपाटाच्या खणांसारखे प्लॅस्टिकचे डबे, मागच्या बाजूला तापणारी पट्टी, आत कागद, पाण्याचं भांडं आणि साप. या रॅकमध्ये ऊब आणि अंथरूण एकमेकांशी भांडत नाहीत, हे कबूल करायला हवं.

वरून ऊब देणाऱ्यांमध्ये सिरॅमिक एमिटर सर्वांत रांगडा. उजेड नाही, नुसती उष्णता, रात्रंदिवस चालतो. त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जातो, म्हणून चिनी मातीचा होल्डर आणि भोवती जाळी लागतेच. साप दिव्यालाही वेटोळं घालतो. एमिटर हवा तापवतो आणि सोबत ती कोरडीही करतो. हॅलोजन दिवा वेगळा. त्याच्या उष्णतेत अवरक्त किरणांपैकी कमी तरंगलांबीचा, ७०० ते १४०० नॅनोमीटरचा, मोठा वाटा असतो. हे किरण कातडीच्या आत जास्त खोल जातात. सिरॅमिकचे किरण मुख्यतः ३००० नॅनोमीटरच्या पुढचे, ते वरच्या थरातच शोषले जातात. गेल्या काही वर्षांत हॅलोजनचे समर्थक हा मुद्दा फार जोरात मांडतात. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूचं आहे, पण त्यावरून ‘हॅलोजनखालचे साप अधिक निरोगी’ असा जो उडीबाज निष्कर्ष काढला जातो, तो अजून फक्त अंदाजाच्या पातळीवर आहे. मला हॅलोजन आवडतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्याखालचा दगड दिवसा तापतो, दिवा विझला की सावकाश निवतो आणि सापाला दिवस-रात्र कळते.

रात्रीसाठी विकले जाणारे लाल दिवे मात्र निव्वळ गिऱ्हाइकाची समजूत काढण्यासाठी आहेत. लाल उजेड सापाला दिसतच नाही, हे गृहीतच कच्चं. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. आपण अंधार म्हणतो त्या वेळी त्याला तापलेला दिवा जाणवत असणारच.

थर्मोस्टॅटचे प्रकार थोडक्यात: चालू-बंद होणारा मॅटला पुरतो, स्पंद देणारा सिरॅमिकला, मंद-प्रखर करणारा हॅलोजनला. हॅलोजनला चालू-बंदवाला लावला की दिवा सारखा लुकलुकतो आणि लवकर जातो. थर्मोस्टॅट नसलेलं कोणतंही साधन पेटीत नको. इतकंच याबद्दल सांगण्यासारखं.

हॅलोजनवर एक वेगळंच संकट आलं आहे. घरातल्या दिव्यांसाठी युरोपीय संघाने सप्टेंबर २०१८ पासून साध्या आकाराच्या हॅलोजन दिव्यांची विक्री थांबवायला घेतली आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२३ पासून तसेच नियम लागू झाले. कारण योग्यच आहे. जुना दिवा विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवतो. सापाला तीच ‘वाया गेलेली’ उष्णता हवी असते. एलईडीने उजेडाचा प्रश्न सुटतो, उबेचा नाही. म्हणून पाळणारे अजून बाजारात असलेल्या परावर्तक हॅलोजनकडे, किंवा उजेड न देणाऱ्या पण तारेवर चालणाऱ्या इन्फ्रारेड प्रोजेक्टरकडे आणि छताला लावायच्या तापणाऱ्या पॅनेलकडे वळत आहेत. पॅनेल महाग असतं, पण मोठ्या लाकडी पेटीत ते फार समान ऊब देतं.

आता खालचा थर. कागदाची बाजू घेणारे म्हणतात की तो सापासाठी स्वच्छ असतो. खरं तर तो माणसासाठी सोयीचा असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नवीन आणलेल्या सापाला काही आठवडे वेगळं ठेवताना कागदच हवा. त्यावर विष्ठा दिसते, रक्त दिसतं आणि सापाच्या खवल्यांखाली लपणाऱ्या काळ्या गोचिड्यांसारख्या माइट्सचे ठिपके दिसतात. कोकोपीटमध्ये ते महिनोन् महिने लपून राहतात.

अ‍ॅस्पेनचा भुसा कोरड्या हवेत राहणाऱ्या सापांना छान. कॉर्न स्नेक त्यात बोगदे करतो आणि ते ढासळत नाहीत. पाण्याचं भांडं लवंडलं की मात्र दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागणाऱ्या बॉल पायथनला तो गैरसोयीचा. देवदाराच्या जातीचा, सीडरचा भुसा कोणत्याच सापाला नको. त्याला येणारा सुवास म्हणजे हवेत उडणारी तेलं. पश्चिमी लाल सीडरच्या धुळीने लाकूड कारखान्यांतल्या कामगारांना दमा होतो हे चांगलंच नोंदलेलं आहे. १९६७ साली प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दिसलं की सीडर आणि पाइनच्या भुशावर ठेवलं तर त्यांच्या यकृतातल्या विकरांचं काम बदलतं. बंद आणि तापवलेल्या पेटीत ही तेलं आणखी उडतात. पाइन भट्टीत वाळवलेला असला तर चालतो असं अनेक जण म्हणतात. अ‍ॅस्पेन मिळत असताना त्या वादात पडायची मला तरी गरज दिसत नाही.

नारळाने या छंदात अनपेक्षित जागा मिळवली आहे. कोकणात न्हाणीघरातल्या चुलीत जाणारी सोडणं, आणि केरळात काथ्या काढल्यावर वर्षानुवर्षं ढीग लावून पडणारा भुसा आता दाबून विटा करून परदेशी जातो. कुंड्यांसाठी गेला तसा तो सापांच्या पेट्यांतही गेला. कोकोपीट पाणी धरतं, बुरशीला बऱ्यापैकी तोंड देतं, पण पूर्ण वाळलं की बारीक धूळ उडते आणि ती सापाच्या ओठांच्या कडांत साचते. सोडणाचे मोठे तुकडे त्यापेक्षा बरे. सायप्रसच्या सालीचा चुरा अमेरिकेत लोकप्रिय आहे आणि आर्द्रतेसाठी उत्तमही आहे. तो फ्लोरिडा-लुइझियानाच्या दलदलीतल्या झाडांपासून येतो, हे लक्षात घेऊन काही जण तो टाळतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

मक्याच्या कणसाचा भरड चुरा आणि अक्रोडाच्या टरफलांचा चुरा पक्ष्यांच्या पिंजऱ्यातून इकडे आला. तो परत तिकडेच जावा. भक्ष्याला चिकटून पोटात गेलेला चुरा आतडं अडवतो, अशी भीती सर्वच सैल अंथरुणांबद्दल घातली जाते. पुरेशी ऊब आणि पाणी मिळणाऱ्या सापाबाबत ती बरीच फुगवलेली आहे. या दोन चुऱ्यांबाबत नाही.

आर्द्रतेबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कात तुकड्या-तुकड्यांनी सुटते, डोळ्यावरची कातीची टोपी तशीच राहते, म्हणून पाळणारा रोज फवारा मारतो. वरचा थर ओला, हवा तासाभरात परत कोरडी. साप ओल्या, घाणेरड्या थरावर पोट टेकून राहतो आणि पोटाच्या खवल्यांवर फोड येऊन ते सडू लागतात. गार आणि ओलसर पेटीत फुप्फुसांचे संसर्ग वाढतात. साप जिथे पोट टेकतो ती जागा कोरडी हवी आणि तिच्याखालचा थर ओलसर. त्यासाठी फवाऱ्याऐवजी पेटीच्या कोपऱ्यात पाणी ओतायचं. ते खाली उतरतं आणि हळूहळू वर येतं.

हे मॅटवर जमत नाही. खालचा ओला थर तापला की वाफ होऊन काचेवर दव धरतं आणि ओल तिथेच संपते. वरून येणारी ऊब मात्र नेमकं हवं तेच करते: वरचा इंचभर थर वाळवते, खालची ओल तशीच ठेवते. खोल माती आणि वरचा दिवा ही जोडी म्हणून जमते, पातळ कागद आणि खालची मॅट ही दुसरी. रोपवाटिकेतली माती आणि वाळू यांचा दहा-पंधरा सेंटिमीटर थर, त्यात विष्ठा खाणारे आयसोपॉड आणि बुरशी खाणारे स्प्रिंगटेल सोडून केलेली ‘जिवंत’ पेटी हे पहिल्या जोडीचं टोकाचं रूप. लहान सापांत ती सुरेख चालते. दोन-तीन मीटरच्या बोआच्या एका विष्ठेपुढे मात्र हे चिमुकले जीव हतबल होतात, त्यामुळे मोठ्या सापाच्या मालकाला फावडं लागतंच.

दोन्ही जोड्या आतून सुसंगत आहेत, मग निवडायची कोणती? रॅकवाले सांगतात की बॉल पायथन वारुळात आणि उंदरांच्या बिळात राहतो. त्याला अरुंद, अंधारा डबाच बरा. घाना, टोगो आणि बेनिनमधून गाभण माद्या आणि अंडी खरोखरच बिळांतून उकरून गोळा केली जातात आणि त्यांची पिल्लं निर्यात होतात. पण बिळात सापडलेली मादी म्हणजे सगळी जात नव्हे. १९९८ साली आग्नेय नायजेरियाच्या वर्षावनातल्या बॉल पायथनांवर लुका लुइसेली आणि फ्रान्चेस्को आंजेलिची यांनी लिहिलं. तिथे नर झाडांवर बरेच चढत आणि पक्षी खात. माद्या जमिनीवर उंदीर-घुशी धरत. २०२१ साली म्युनिकच्या अभ्यासकांनी याच जातीचे साप रॅकमध्ये आणि मोठ्या पेटीत, म्हणजे टेरेरियममध्ये, ठेवून पाहिले. टेरेरियममध्ये साप चढले, उकरत राहिले, पाण्यात शिरले, दिव्याखाली पडून राहिले. रॅकमध्ये यातलं काहीच शक्य नव्हतं. मला माती आणि दिव्याची पेटीच घ्यावीशी वाटते. शेकडो साप सांभाळणाऱ्याला ती परवडत नाही, हे खरं. पण तो प्रश्न पाळणाऱ्याच्या धंद्याचा आहे, सापाच्या स्वभावाचा नाही.

भारतात हा छंद मोठा कायदेशीर अडथळा पार केल्याशिवाय सुरूच होत नाही. आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. धामण असो, मांडूळ असो की अजगर, घरात पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातल्या परदेशी जातींची नोंदणी फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली. आडवाटेने येणारे साप थांबलेले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पकडले गेले.

तरीही हे ज्ञान आपल्याकडे निरुपयोगी नाही. वनविभागाच्या परवानगीने जखमी साप बरा होईपर्यंत ठेवणारी उपचार केंद्रं महाराष्ट्रात आहेत. मुंबईत जवळपास वर्षभर खोलीचं तापमानच सापाला पुरेसं असतं. एप्रिल-मेमध्ये उलट काचपेटी उन्हात येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा जेसीबीखाली सापडलेल्या धामणीला टाके घालून गार खोलीत ठेवलं तर जखम भरत नाही आणि तिने काही खाल्लंच तर ते पचत नाही. तिथे माती आणि भुसा दोन्ही चुकीचे, कारण ते टाक्यांत शिरतात. वर्तमानपत्राचे कागद, डब्याच्या एका टोकाखाली मॅट, सेन्सर कागदाखाली थेट तळाला चिकटवलेला, तापमान ३० अंशांच्या आसपास, दुसरं टोक मोकळं आणि खोलीतच एक हीटर. कागद ओला झाला की लगेच बदलायचा.